आवर्तनाचा सांधा : जुन्या संगणकांवरील ध्वनिनमुने

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. अशा पेठेतील ऐरणीवर पडणारा हातोडीचा ठोका आणि शेजारच्या माडीवरून येणारा तंबोऱ्याचा झंकार, हे दोन ध्वनी यंत्राने टिपून पुनःपुन्हा वाजवावयाचे ठरविले, तर ठोका जवळजवळ जसाच्या तसा राहील. तंबोरा मात्र बहुधा बिघडेल. असे का व्हावे, याचा उलगडा गेल्या शतकाच्या नवव्या दशकातील संगणक-संगीताच्या घडणीत सापडतो.

पुनरावृत्ती आपल्या संगीताला नवी नाही. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर अखंड चालणारा लेहरा हे आवर्तनच असते आणि अभंगाचे ध्रुवपद हेही एक परतून येणे असते. यांत्रिक पुनरावृत्ती मात्र निराळी. १९४८ साली पॅरिसमध्ये प्येर शेफर यांनी ध्वनिमुद्रिकेची चर स्वतःवरच मिटवून घेतली आणि एकच ध्वनितुकडा अखंड फिरत ठेवला. पुढे तेच काम चुंबकीय फितीची दोन टोके जोडून होऊ लागले. सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावणाऱ्या फितीवर पाच सेकंदांच्या आवर्तनासाठी जवळजवळ दोन मीटरचे वेटोळे लागे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी उभारलेली, मूग संश्लेषकाने सज्ज अशी ध्वनिशाळा याच फितीच्या युगातील होय.

संगणकाने फितीची जागा अंकांना दिली. १९८७ साली आलेल्या अमिगा ५०० या यंत्राची स्मृती अवघी ५१२ किलोबाइट होती. त्यातील पॉला नावाची चकती एका वेळी चार ध्वनी वाजवी आणि ध्वनीची प्रत्येक पातळी २५६ पायऱ्यांत मोजी. त्याच वर्षी कार्स्टेन ओबार्स्की यांची साउंडट्रॅकर ही आज्ञावली आली. तीत पंधरा नमुने घेऊन त्यांची स्वररचना स्तंभांत मांडावयाची असे. नमुने मिळविण्याच्या वाटा दोन. एक, यंत्राला छोटे रूपांतरक जोडून स्वतः ध्वनिमुद्रण करणे. दुसरी अधिक सोपी : या रचनांच्या संचिकेत स्वरलेखनाबरोबर नमुनेही साठविलेले असत, त्यामुळे कोणाचीही रचना हाती आली की तीमधील वाद्ये उचलून घेता येत.

खरे कौशल्य लागे ते आवर्तनबिंदू निवडण्यात. नमुन्याचा आरंभीचा आघात एकदाच वाजावयाचा आणि त्यानंतरचा स्थिर भाग फिरत राहावयाचा, अशी ही योजना. सांध्याच्या दोन्ही बाजूंची पातळी जुळली नाही, तर प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून लहर शून्यरेषा ओलांडते तेथे आणि दोन्ही टोकांना ती एकाच दिशेने जात असेल तेथे कापणे हा सर्वमान्य उपाय होता. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या संगीतशास्त्रविषयक ग्रंथांत मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरण्याची रूढी आहे. असा हार्मोनियमचा स्वर सेकंदाला ८२८७ मापांच्या गतीने टिपला, तर एका कंपनाला साधारण साडेचौतीस मापे लागतात. पॉलाला सम संख्येचीच लांबी चाले. चौतीस मापांचे आवर्तन घेतले, तर स्वर २४३.७ कंपनांवर चढतो. हा फरक प्रमाणश्रुतीहूनही थोडा मोठा आहे. म्हणजे आघात एका स्वरात आणि त्याचा विस्तार दुसऱ्याच स्वरात! चार कंपने मिळून १३८ मापे घेतली, की स्वर २४०.२ वर येतो आणि कानाला काहीच खटकत नाही. लांबी वाढविल्याने सूर सुधारतो ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते; परंतु अपूर्णांकाची चूक अधिक कंपनांत वाटली जाते, एवढेच त्यामागचे गणित.

हातोडीच्या ठोक्याला आवर्तनाची गरजच नसते. तंबोऱ्याचे तसे नाही. त्याचा प्राण जवारीत, म्हणजे सतत उमलत-मावळत राहणाऱ्या स्वयंभू स्वरांत असतो. त्यातला क्षणाचा तुकडा फिरविला की उरतो तो निव्वळ घरघराट. चारही तारांचा एक पूर्ण फेरा घ्यावयाचा, तर पाच सेकंदांना सुमारे चाळीस किलोबाइट जातात. शिवाय या गतीने चार हजार कंपनांपुढचे जवळजवळ काहीच टिपले जात नाही आणि जवारीची झळाळी कोमेजते. गती दुप्पट केली तर स्मृतीही दुप्पट लागते. तोच नमुना पंचमावर चढविला, की फेरा पाचऐवजी सव्वातीन सेकंदांत आटोपतो आणि तारा छेडणारा हात उगाच घाईत असल्यासारखा वाटतो. लेहरा वाजविणारा वादक तबलजीकडे पाहून लय सावरतो. या यंत्राला समोरचा दिसत नाही.

नमुन्यांच्या या सुलभ उचलीची दुसरी बाजू कमी महत्त्वाची नाही. ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ सालच्या मुद्रिकेतील ग्रेगरी कोलमन यांचा चार मात्राखंडांचा ढोलवादनाचा तुकडा असंख्य रचनांत फिरला, पण २००६ साली कोलमन वारले तोवर त्यांना त्याचा मोबदला मिळाला नव्हता. साउंडट्रॅकरच्या संचिकेत प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा राखलेली होती. मूळ वादकाचे नाव तेथे सहज मावले असते. रचनाकारांनी त्या ओळी बहुधा वापरल्या त्या मित्रांना शुभेच्छा लिहिण्यासाठी.