चित्रकलेत पोट भरतं का? बेंद्रे सरांची वाटचाल पाहा

पोरगं सारखं चित्रं काढतंय म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, यातून पोट भरेल का? त्यासाठी ना. श्री. बेंद्रे यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे.

बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदूरच्या मराठी घरातला. तिथल्याच कलाशाळेत ते देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले. पुढे काश्मीरमध्ये नोकरी केली, अमेरिकेत जाऊन आले. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभाग नव्यानं सुरू झाला, तेव्हा प्रमुख म्हणून तेच आले. १९५९ मध्ये ते ललितकला शाखेचे डीन झाले.

त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट भावनगरचे, तर गुलाममोहम्मद शेख सुरेंद्रनगरचे. दोघंही मोठे कलावंत झाले, पण कुणाचंच काम बेंद्रेंच्या कामाची नक्कल नाही. चांगल्या मास्तरची खूण हीच.

१९६६ मध्ये नोकरी सोडून बेंद्रे पूर्णवेळ चित्रं काढू लागले. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडं एलिमेंटरी, इंटरमिजिएटची परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांपुरती दिली जाते, मग रंगपेटी माळ्यावर जाते. हात चांगला असेल, तर ती टाकण्याआधी पोराला पुढं कलामहाविद्यालयात जायचंय का, एवढं तरी विचारा.