इंग्रजीचा पहिला धडा मराठीतून

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत यंत्रमागावर पोट असलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांतल्या मराठी घरातील मुलाला शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा भेटतात. पहिल्या दोन लिप्यांशी त्याची ओळख होते. तिसरीपाशी मात्र ते अडते. मग ‘याला इंग्रजीचं डोकं नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. दोष बहुधा डोक्याचा नसून शिकवण्याच्या क्रमाचा असतो.

देवनागरीत आणि कन्नड लिपीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. इंग्रजीत तसे नाही. ‘सी, यू, टी’ ही नावे कितीही घोकली तरी त्यांतून ‘कट’ ऐकू येत नाही. अक्षरे 26 आणि ध्वनी सुमारे 44, असा हा व्यवहार आहे. म्हणून आरंभी नावे बाजूला ठेवून ध्वनी द्यावेत. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे स, ॲ, ट, प, इ, न अशी ओळखता आली, की पिन, पॅन, टिन, टॅप, सिट हे शब्द मूल स्वतः जुळवते. शब्द आपला आपण वाचता आला, हा आनंद पाठांतरात नाही.

प्रौढांची गोष्ट वेगळी. आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक बाई आठ दिवस आल्या आणि यायच्या थांबल्या. मी त्यांना मुलांच्या पुस्तकातील मांजर आणि सफरचंद शिकवीत होतो. भेटल्यावर म्हणाल्या, “सर, मला औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायची होती. सासूबाईंना मुदत संपलेली गोळी दिली गेली माझ्या हातून.” चूक माझी होती. त्यांना काय वाचायचे आहे, हे मी विचारलेच नव्हते.

प्रौढ रित्या हाताने येत नाहीत. माग चालवणाऱ्याला शटल, बॉबिन, बीम, शिफ्ट हे शब्द रोजचे. घरकामाला जाणाऱ्या बाईला गॅस, कुकर, लिफ्ट, चार्जर. हे शब्द कानाला ओळखीचे, फक्त डोळ्याला अनोळखी असतात. तेच फळ्यावर आधी यावेत. त्यापाठोपाठ स्वतःचे नाव, बँकेची पावती, औषधाचे पाकीट.

वाक्यरचनेतही मराठीच वाट दाखवते. आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीचे मध्ये: ‘मी चहा पितो’, पण ‘आय ड्रिंक टी’. ‘मला दोन मुलगे आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘मला वेळ आहे’ या तिन्हींसाठी इंग्रजीत ‘आय हॅव’ पुरते. मराठीत तसे क्रियापदच नाही. हा फरक दोन मिनिटे मराठीत उलगडून सांगितला, तर ‘टू मी’ने वाक्य सुरू करण्याची चूक का होते, हे शिकणाऱ्याला कळते.

वर्गात इंग्रजीखेरीज शब्द नको, असा आग्रह काही जण धरतात. ज्याच्या घरात, गल्लीत इंग्रजी कानावर पडते, त्याला तो परवडतो. ज्याला ती फक्त वर्गातच भेटते, त्याच्यापुढे या आग्रहाने दार बंद होते, आणि न कळल्याचे सांगायलाही त्याच्याजवळ भाषा उरत नाही.

सावित्रीबाई फुले यांच्या 1854 सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे. तो मराठीत आहे, कारण ज्यांना तो करायचा होता त्यांची भाषा मराठी होती.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिन्हींना इंग्रजीत एकच ‘यू’ आहे, हे सांगितले तेव्हा मागावरचा एक कामगार विचारता झाला, “म्हणजे मालकालाही यू आणि मलाही यूच?” वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. त्याने तो शब्द वहीत दोनदा लिहून घेतला.