‘इंटरेस्ट आहे, प्रपोजल पाठवा’: यानंतर काय लिहायचं?

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना धंद्याच्या प्रस्तावावर बोलायला का बोलावलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. आम्हालाही वाटलं. पण त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आम्ही वर्गात न्यायशास्त्र शिकवलं, आणि आपल्याला कळलेली गोष्ट दुसऱ्याला रीतसर कशी पटवावी हा त्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. दुसरं असं की निवृत्तीनंतर आम्ही आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहोत, आणि आलेले प्रस्ताव वाचून काढण्याचं काम बहुधा आमच्याच वाट्याला येतं. तुम्ही लिहिता ते कागद ज्या टेबलावर येऊन पडतात, त्या टेबलामागचे आम्ही.

तर विषय असा. गिऱ्हाइकाने तुम्हाला बोलावलं, तुम्ही जाऊन आलात, चहा झाला, आणि निघताना ते म्हणाले, “इंटरेस्ट आहे, प्रपोजल पाठवून द्या.” पुढे काय होतं? बहुतेक जण रात्री लॅपटॉप उघडतात, मागच्या गिऱ्हाइकाची फाइल काढतात, नाव बदलतात, तारीख बदलतात आणि पाठवून देतात. कधीकधी नाव बदलायचंही एखाद्या ठिकाणी राहून जातं. आम्ही अशा एका प्रस्तावात दुसऱ्याच सोसायटीचं नाव वाचलेलं आहे, तेही नेमकं किमतीच्या पानावर.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरून चालू. पुण्यातली एक गृहनिर्माण सोसायटी, ४८ फ्लॅट, गच्चीवर सोलर बसवायचा विचार चालू आहे. तुम्ही ते बसवून देणारे छोटे व्यावसायिक. तुम्हाला भेटले ते चेअरमन.

आता “इंटरेस्ट आहे” या वाक्यात इंटरेस्ट कुणाला आहे? चेअरमनांना. सोसायटीला अजून काहीच नाही. एवढा खर्च चेअरमन काही खिशातून करत नाहीत, विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. त्या सभेत पेन्शनवर जगणारे असतात, फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहायला गेलेले मालक असतात, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू असतात, ज्यांच्या छताला आधीच ओल आहे. यांतल्या कुणीही तुम्हाला पाहिलेलं नाही. चेअरमन तुमचा कागद हातात घेऊन उभे राहतात, काकू प्रश्न विचारतात, आणि तुम्ही तिथे नसता! ज्याला इंटरेस्ट आहे त्याच्याशी तुमचं बोलणं चहाबरोबर झालेलं आहे. लिहायचं ते ज्याला इंटरेस्ट नाही त्याच्यासाठी.

आमच्या शास्त्रात हा फरक फार स्पष्ट करून ठेवलेला आहे. अनुमान दोन प्रकारचं. स्वार्थानुमान म्हणजे स्वतःपुरतं. माणूस डोंगरावर धूर बघतो, स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव बरोबरच पाहिलेले आठवतात, आणि डोंगरावर आग आहे हे त्याला कळतं. संपलं. त्याला वाक्यं लागत नाहीत. तेच दुसऱ्याला पटवायचं झालं की ते परार्थानुमान. तिथे नैयायिक पाच पायऱ्या सांगतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे. म्हणून इथे आग आहे. मीमांसक म्हणतात, तीन पायऱ्या पुरतात, पाच कशाला? त्या वादात आज शिरत नाही, नाहीतर संयोजक घड्याळ दाखवतील.

तुमच्या मनात सोलरचं स्वार्थानुमान झालेलं असतं. कितीतरी गच्च्या पाहिलेल्या असतात, वर चढलात की नजरेनेच कळतं की इथे काय बसेल. पण कागदावर काय उतरतं बघा. प्रतिज्ञा: सोलरमुळे तुमचं बिल कमी होईल. हेतू: ऊन फुकट आहे. उदाहरण: अमुक कारखाना, तमुक कॉलेज, रंगीत फोटोंसह चार पानं. निगमन: तरी कृपया ऑर्डर द्यावी. यातली चौथी पायरी कुठे गेली? उपनय. “हा डोंगरही तसाच आहे” हे कुणी म्हटलंच नाही. कॉलेजच्या गच्चीवर ऊन आहे हे आम्हाला मान्य. आमच्या गच्चीचं काय?

प्रस्तावाचा जीव या चौथ्या पायरीत असतो, आणि नेमकी तीच मागच्या फाइलमधून उचलता येत नाही. तिच्यासाठी गच्चीवर जावं लागतं, बिलं मागावी लागतात. सोसायटीच्या कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं घ्या, एका महिन्याचं नको. समजा लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला सरासरी २,४०० युनिट पडतात. म्हणजे दिवसाला ८०. एक किलोवॉटचा संच वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे २० किलोवॉट लागेल. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, म्हणजे २,००० चौरस फूट. आता गच्ची ३,५०० ची आहे म्हणून लगेच खूश होऊ नका. लिफ्टची खोली कुठे, पाण्याची टाकी कुठे? आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या टाकीची सावली उत्तरेला लांब पडते. ती किती जागा खाते ते मोजून लिहा. वाळवणाची, कपड्यांची जागा सोडली आहे तेही लिहा. हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण सभेत त्यावर अर्धा तास जाऊ शकतो, आम्ही बसलेलो आहोत.

आणि एक गैरसमज आधीच दूर करा. सभेतल्या निम्म्या लोकांना वाटत असतं की आपल्या घरचं बिल शून्य होणार. कॉमन मीटरच्या संचाने घरचं बिल कमी होत नाही, मेंटेनन्समधला विजेचा हिस्सा कमी होतो. हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि लोकांनी चुकीच्या समजुतीवर हात वर केले, तर वर्षभराने फसवणूक झाल्याची भावना त्यांचीच असेल, आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. चूप राहूनही दिशाभूल होते हो.

इथे कायद्याकडे थोडं वळू. १८७२ चा भारतीय करार कायदा कलम २ मध्येच प्रस्तावाची व्याख्या करतो. समोरच्याची संमती मिळावी म्हणून आपण अमुक करायला किंवा न करायला तयार आहोत असं त्याला कळवणं, म्हणजे प्रस्ताव. आणि तो स्वीकारला गेला की त्याचं वचन होतं. वचन! कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही तोच अर्थाचा शब्द आहे. म्हणजे प्रस्तावातलं प्रत्येक वाक्य हे उद्याचं संभाव्य वचन. जाहिरातीच्या पत्रकात चालणारी वाक्यं इथे जपून वापरावीत.

मग प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे आपल्या हातात आहे का? २०२४ साली आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान ठेवलं. आपल्या २० किलोवॉटला ते ३,६०,००० होतं. आकडा मोठा आहे, लिहायचा मोह होणारच. पण अनुदान देणारं सरकार, नेट मीटर लावणारं महावितरण. अर्ज वेळेत आणि बिनचूक भरणं एवढंच तुमच्या हातात. मग तसंच लिहा. त्यातही हे पैसे संच सुरू झाल्यावर येतात, म्हणजे सोसायटीला आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, ती बहुधा दुरुस्तीसाठी साठवलेल्या फंडातून. पुढच्या वर्षी स्लॅब गळला तर काय, हा त्या पेन्शनरांचा खरा प्रश्न असतो. तेव्हा “इतक्या वर्षांत पैसे वसूल” हा हिशोब दोनदा मांडा, एकदा अनुदान धरून, एकदा न धरता. विजेचा दर त्यांच्याच बिलावरचा आजचा घ्या. दर वर्षी दर वाढतच जाणार असं गृहीत धरून काढलेले आकडे सुंदर दिसतात, पण ते गृहीतक उघड लिहिलेलं नसेल तर तो हिशोब म्हणवत नाही.

हमीचंही तसंच. पॅनेलवर २५ वर्षांच्या कामगिरीची हमी सर्रास असते. पण ती पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची. इन्व्हर्टरची मुदत त्याहून बरीच कमी. आणि तुमच्या जोडकामाची, देखभालीची हमी ही तिसरीच गोष्ट. प्रस्तावात मात्र ठळक अक्षरात नुसतं “२५ वर्षांची गॅरंटी” असतं, आणि खाली लेटरहेडवर फर्मची स्थापना चार वर्षांपूर्वीची! तिन्ही हम्या वेगळ्या लिहा, कुणाची कोणती ते सांगा. आणि त्या काकूंचा प्रश्न: सांगाड्यासाठी स्लॅबला भोक पाडणार का? पाडलं आणि गळलं तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने? दोन ओळींचं उत्तर आहे, पण ते कागदावर असेल तर चेअरमनांची सभेत पंचाईत होत नाही.

किमतीबद्दल फार बोलायला नको, तो तुमचा प्रांत. जीएसटी धरून की वेगळा, पैसे किती टप्प्यांत, कोणत्या टप्प्याला कोणतं काम पूर्ण झालेलं असेल, आणि काय काय यात धरलेलं नाही, एवढं असलं म्हणजे झालं. यातलं शेवटचं लोक टाळतात. टाळू नका. सेक्रेटरी तीन प्रस्तावांचा तुलनेचा तक्ता करतात, त्यात तुमचा आकडा जास्त का आहे ते त्या ओळींवरूनच कळतं. फर्मची ओळख, फोटो, प्रमाणपत्रं मागे जोडा. पुढचं पान गिऱ्हाइकाचं: तुमची गच्ची अशी, वापर इतका, म्हणून हे सुचवतो.

आणि बिलं, मोजमापं झाल्यावर लक्षात आलं की सावलीमुळे २० बसत नाही, १२ च बसतं, तर १२ लिहा. चेअरमन हिरमुसतील. हिरमुसू देत.

वेळ झाली आहे, पण इकडे एक हात वर आहे. हां, बोला.

(श्रोत्यांतून प्रश्न: प्रस्तावाची मुदत किती दिवसांची ठेवावी? माल महागतो, पंधरा दिवसांच्या पुढे दर धरून ठेवणं परवडत नाही.)

अडचण खरी आहे. कायदा सांगतो की मुदत लिहिली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो, लिहिली नसेल तर वाजवी काळाने. वाजवी म्हणजे किती, यावर मग वकील जगतात. तेव्हा मुदत लिहाच. पण पंधरा दिवस लिहिण्याआधी चेअरमनांना फोन करून विचारा, सभा कधी आहे? सभा पाच आठवड्यांनी असेल तर तुमचा पंधरा दिवसांचा कागद सभेत पोचेल तेव्हा तो मेलेला असेल, आणि लोक जुन्या दराने तुम्हाला धरायला बघतील. त्यापेक्षा सभेच्या तारखेनंतर आठ दिवसांपर्यंत मुदत द्या, आणि फक्त पॅनेलच्या दरात फरक पडला तर तो किती टक्क्यांपर्यंत सोसायटीने सोसायचा तेवढं एका ओळीत लिहून ठेवा.