शेगडी एक, कामं दोन

दसरा झाला की आपल्या परभणी जिल्ह्यात दोन तयाऱ्या सुरू होतात. गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला जायचं सामान ट्रॅक्टरवर चढतं. आणि पुढे ज्वारी हुरड्यात आली की लेकीबाळी, पाहुणे शेतावर बोलावले जातात. दोन्ही ठिकाणी घरची चूल नसते, थंडी मात्र असते. आपल्या थंडीला कमी समजू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या बाईला हे आकड्यात सांगायची गरज नाही.

म्हणून आज बोलू फिरत्या शेगडीबद्दल. उचलून नेता येईल, तिच्यावर भाकरी होईल आणि स्वयंपाक आटोपला की भोवती बसून शेकताही येईल, अशी शेगडी. शहरातली मंडळी सहलीला जाताना बार्बेक्यू म्हणून घडीची शेगडी नेतात. जाळीवर कणसं-मटण भाजायचं आणि रात्री तिच्यातच जाळ करून बसायचं. दिसायला ती वेगळी, पण घेताना विचार तोच करावा लागतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. स्वयंपाकाची चांगली शेगडी आणि चांगली शेकोटी या एकमेकींच्या उलट असतात. स्वयंपाकाची शेगडी ऊब बाहेर जाऊ देत नाही, सगळी भांड्याच्या बुडाला लावते. शेकोटीचं काम चारी बाजूंनी ऊब फेकायचं. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचं उदाहरण घ्या. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत बसवली आणि २००२ साली त्यासाठी तिला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये मूठ-दोन मूठ कोळशाच्या कांड्यांवर वाफेने वरण, भात, भाजी होते. जळण वाचवायला फार छान. पण तिच्यासमोर बसून हात शेकू म्हटलं तर काय शेकणार? ऊब सगळी आत.

तेव्हा दोन्ही कामं करणारी शेगडी घ्यायची म्हणजे थोडं इकडे, थोडं तिकडे सोडावंच लागतं. तुमचं मोठं काम कोणतं ते आधी ठरवा. तोडीला जाणाऱ्या बाईला सहा महिने रोज दोन वेळा भाकरी करायची असते. तिने स्वयंपाकाला झुकतं माप द्यावं. आतून पिवळी माती, भुसा आणि शेण कालवून बोटभर जाडीचा लेप दिलेली शेगडी घ्यावी. लेपाने जळण कमी लागतं आणि पत्राही जास्त टिकतो. वर्षातून चार वेळा शेतावर किंवा जत्रेला नेणार असाल तर बिनलेपाची चालेल. ती बाजूने तापते आणि भोवती बसणाऱ्याला ऊब देते.

आता प्रत्यक्ष घेताना. पत्रा अंगठ्याने दाबून बघा. दबला तर ती शेगडी एक हंगामसुद्धा काढणार नाही. बिडाची शेगडी ऊब धरून ठेवते, पण जड असते आणि तापलेली असताना पाणी पडलं की तडकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळआपट होते, तिथे जाड लोखंडी पत्र्याचीच बरी. सांधे वेल्डिंगचे किंवा रिबीट मारलेले असावेत. झाळलेला सांधा विस्तवाने सुटतो. चकचकीत जस्ती पत्रा नको. तापल्यावर त्या जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की ताप-कणकण येते. रंगाच्या डब्याची, औषध फवारणीच्या डब्याची शेगडी तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची आतली जाळी. विस्तव जाळीवर, राख खाली, आणि खालच्या तोंडातून वारा वर, असं असेल तरच कोळसा धगधगतो. जाळीच नसेल तर राख साचून विस्तव गुदमरतो, मग फुंकणी घेऊन बसा. जाळी सुटी निघणारी हवी, कारण सगळ्यात आधी तीच जळते आणि तेवढीच बदलता येते. राखेच्या तोंडाला सरकतं झाकण असेल तर फार सोय. भाकरीला उघडं ठेवायचं, वरण शिजत ठेवलं की अर्धं लावायचं. वर भांडं टेकायला तीन बोंडं असावीत. काठ आणि भांड्याच्या मध्ये बोटभर फट राहिली पाहिजे, नाही तर धूर तुमच्या तोंडावर येतो. पाय किमान वीतभर उंच असावेत. फडात खाली सगळीकडे वाळलं पाचट असतं, आणि बुटकी शेगडी खालची जमीन तापवते. कडीला लाकडी मूठ बसवून घ्या, पण विस्तव असताना शेगडी उचलायचीच नाही, मूठ असली तरी.

जळण म्हणाल तर जाळ पाहिजे तेव्हा तुराट्या आणि पऱ्हाट्या, विस्तव पाहिजे तेव्हा बाभळीचं लाकूड. तुराटी भसकन पेटते आणि तशीच विझते. टायर, प्लास्टिक, फवारणीच्या पिशव्या जाळून भाकरी भाजू नका. पेटत नाही म्हणून वरून रॉकेल-डिझेल ओतायची सवय काही जणींना आहे. भडका थेट पदराला येतो.

आता खरी काळजीची गोष्ट. शेकोटी म्हणूनही चालणारी शेगडी आहे म्हटलं की रात्री ती कोपीत घ्यावीशी वाटते. लेकरं कुडकुडत असतात, बाहेर दव पडत असतं. जाळ विझलाय, धूर नाही, नुसता लाल कोळसा आहे, मग काय होतंय, असं वाटतं. मैत्रिणींनो, तोच सगळ्यात वाईट वेळ. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, अंग गळून जातं. दिवसभर मोळ्या बांधलेल्या बाईला वाटतं, दमले म्हणून होतंय. ती झोपते आणि उठत नाही. पोटुशी बाईच्या पोटातल्या बाळाला तर याचा धोका आणखी जास्त. कोपी पाचटाची आहे, वारा शिरतोच, असं कुणी म्हणेल. पण वरून ताडपत्री आणि आतून चादरी लावल्यावर वारा कुठून शिरणार? आणि पाचटाच्या कोपीत विस्तव म्हणजे आगीची भीती वेगळीच.

तेव्हा शेकायचं ते बाहेर. कोपीपासून दहा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जवळ पाण्याची घागर ठेवून. झोपायच्या आधी अंगाला ऊब पाहिजे तर बाहेरच्या शेगडीवर विटा तापवा, फडक्यात गुंडाळा आणि हात लावून बघून मगच पायाशी ठेवा. राख सकाळपर्यंत तशीच शेगडीत राहू द्या, आत निखारे रात्रभर जिवंत असतात. कुणाला घेरी आली, उठवता येईना, तर आधी उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. लेकरू भाजलं तर वीस मिनिटं गार पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको.

हुरड्याबद्दल मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं की शेगडीवर हुरडा होईल का. होतो, पण चार-पाच कणसांचा. जाळीवर ठेवून फिरवत राहायचं, कणीस करपू द्यायचं नाही. दहा-पंधरा माणसं बसणार असतील तर जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटीच हवी. गूळभेंडीची कणसं त्या फुफाट्यात खुपसून भाजली की जो वास येतो तो शेगडीला येत नाही, हे आमचं मत. शेगडीवर तोवर चहा ठेवा.

घ्यायची असेल तर गटाने मिळून घ्या. दहा शेगड्या एकदम सांगितल्या की लोहार पत्रा एकदम आणतो आणि जाळीची जाडीही तुम्हाला हवी तशी घालतो. किंमत बहुतेक वजनावर ठरते, म्हणून तुमच्यासमोर वजन करायला सांगा, लेप देण्याआधी. फक्त दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा त्याच्याकडे कोयत्यांना धार लावणाऱ्यांची रांग असते.