पाणी चोवीस तास, पण मोजून

महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान शहरांत घरातील दिवसाची आखणी नळाच्या वेळेवरून होते. पाणी पहाटे पाच वाजता येणार असेल तर गृहिणी साडेचारला उठते. पिंपे, हंडे, कळश्या, बादल्या अशी घरातील सारी भांडी भरून ठेवली जातात, आणि दुसऱ्या दिवशी नवे पाणी येताच कालचे उरलेले पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतले जाते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातील व्हॉल्व्हची चावी ही अशा गावात मोठी सत्ता असते. ती कोणत्या आळीत आधी फिरली आणि कोणत्या आळीत दहा मिनिटे लवकर बंद झाली, यावरून नगरपरिषदेच्या सभा गाजतात.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड शहरालगत, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापूरने या रीतीला फाटा दिला. (बुलढाणा जिल्ह्यातील रेल्वेस्थानकाचे मलकापूर ते हे नव्हे.) गावाच्या पाणीयोजनेची आखणी आरंभी नेहमीप्रमाणे ठराविक वेळेच्या पुरवठ्याची होती. पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांच्या साहाय्याने ती बदलण्यात आली आणि २००९ च्या सुमारास तेथील नळांना दिवसरात्र पाणी येऊ लागले. संपूर्ण गावाला अशा रीतीने पाणी देणाऱ्या देशातील पहिल्या मोजक्या गावांत मलकापूरची गणना होते. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, ते दिले तर नदी पुरणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मलकापूरचा अनुभव तिच्या उलट आहे, आणि त्याची कारणे समजावून घेण्यासाठी लहान शहराची पाणीव्यवस्था कशी चालते, हे आधी पाहिले पाहिजे.

नदीपासून टाकीपर्यंत

मलकापूरला पाणी मिळते ते कोयना नदीचे. याच नदीचा कृष्णेशी संगम शेजारच्या कऱ्हाडात होतो. कोयना धरणाच्या पायथ्यातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही हे पात्र सहसा कोरडे पडत नाही, हे गावाचे भाग्य म्हटले पाहिजे. अशा नदीकाठच्या योजनांत पात्रालगत खोल विहीर बांधलेली असते, तिला जॅकवेल म्हणतात. तेथून पंपाने पाणी उचलून उद्धरण नलिकेद्वारे जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते. तेथे ते प्रथम पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, म्हणजे हवा मिसळते. त्यानंतर तुरटीचे द्रावण घालून पाणी हळूहळू ढवळले की गढूळपणाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि दोन-अडीच तासांत तळाशी बसतात. वर राहिलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते व अखेरीस त्यात क्लोरीन मिसळण्यात येतो.

वर्षभर हे काम एकाच मापाने करता येत नाही. उन्हाळ्यात नितळ दिसणारी नदी आषाढात तांबूस होते, आणि तुरटीची मात्रा रोजच्या रोज बदलावी लागते. त्यासाठी चार-सहा काचपात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात निरनिराळ्या प्रमाणात तुरटी घालतात व कोणत्या पात्रात गाळ चांगला बसतो ते पाहतात. कसोटी साधी आहे, पण ती टाळली गेली तर एकतर तुरटी वाया जाते किंवा गढूळ पाणी वाळूच्या थरावर जाऊन तो लवकर तुंबतो. थर तुंबला की उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा लागतो, आणि हे धुण्याचे पाणीही शुद्धच असते. शुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्याचे कौशल्य पावसाळ्यातच कळून येते.

क्लोरीनचे काम केंद्राच्या दाराशी संपत नाही. शेवटच्या घराच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक आहे. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, असे समजतात. गावाच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबाचे आरोग्य त्या पिवळ्या छटेवर अवलंबून असते.

पाण्याचा जमाखर्च

तीस हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करून पाहू. भुयारी गटार योजना असलेल्या शहरांत दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा केंद्र शासनाच्या तांत्रिक नियमपुस्तिकेचा संकेत आहे. गटार योजना नसेल तर हे प्रमाण ७० लिटर धरले जाते. १३५ लिटरांनी गावास रोज ४० लाख ५० हजार लिटर पाणी लागेल. वाटेतील गळती व बेहिशेबी पाणी यांचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी अपेक्षा आहे. तेवढी तूट गृहीत धरली तर टाकीतून सुमारे ४८ लाख लिटर सोडावे लागतील. तीच तूट निम्म्यावर गेली, तर त्याच घरांना तेवढेच पाणी पोचविण्यासाठी ८१ लाख लिटर लागतील.

हा फरक केवळ पाण्याचा नाही. एक हजार लिटर पाणी पन्नास मीटर उंच चढविण्यास, पंप व मोटार मिळून साठ टक्के कार्यक्षमता धरली तरी, जवळजवळ पाव युनिट वीज खर्च होते. त्या हिशेबाने ४८ लाख लिटरांना दररोज अकराशेच्या आसपास, तर ८१ लाख लिटरांना अठराशेहून अधिक युनिटे लागतील. नदीतून उचललेले, तुरटी व क्लोरीन घातलेले, विजेने चढविलेले पाणी जमिनीत मुरते आणि त्याचे देयक मात्र नगरपरिषदेच्या तिजोरीवर पडते. पाणीपुरवठा खात्याच्या खर्चात विजेचा वाटा किती मोठा असतो, हे कोणत्याही लहान नगरपरिषदेच्या लेखापालास विचारावे.

व्हॉल्व्ह बंद केल्याने पाणी वाचते काय?

यावर अनेकांचे उत्तर 'होय' असे येईल. दोनच तास पाणी सोडले तर लोक कमी वापरतील, हा तर्क वरवर बिनतोड आहे. प्रत्यक्षात वितरण नलिका साधारणपणे सरासरी प्रवाहाच्या तिप्पट पाणी वाहून नेण्याच्या हिशेबाने घातलेल्या असतात. चोवीस तासांचे पाणी दोन तासांत द्यावयाचे म्हणजे सरासरीच्या बारापट प्रवाह झाला. तेवढा तो नलिकेत मावत नाही. मग टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी मिळते, चढावरच्या घरांना धार लागते न लागते तोच वेळ संपते, आणि ज्यांना परवडते ते थेट नळालाच विजेची मोटार लावतात. मोटार लागली की शेजारचा नळ कोरडा पडतो व त्यालाही मोटार घ्यावी लागते. ज्याला ती घेता येत नाही त्याच्या वाट्याला सार्वजनिक नळावरची रांग येते.

घरोघरी आणखी एक गोष्ट घडते. पाणी केव्हा येईल याची खात्री नसल्याने तोट्या उघड्याच ठेवल्या जातात, कित्येक नळांना तर तोटीच नसते. भांडी भरली तरी पाणी वाहतच राहते. साठविलेले पाणी ओतून देण्याची रीत वर सांगितलीच आहे. उद्या पाणी येईलच याचा भरवसा नसल्यामुळे गरजेपेक्षा अधिक साठा होतो, आणि उद्या ते आले की साठा फेकला जातो.

आरोग्याच्या दृष्टीने धोका याहून गंभीर आहे. पुरवठा चालू असताना नलिकेतील दाबामुळे तड्यांतून पाणी बाहेर पडते. पुरवठा थांबला, नलिका रिकामी झाली, की त्याच तड्यांतून गटाराचे व साचलेले पाणी आत शिरते. मोटारीच्या ओढीमुळे त्यास आणखी जोर मिळतो. दुसऱ्या दिवशी नळाला जे पहिले पाणी येते ते हे असते. पावसाळ्याच्या तोंडाशी गॅस्ट्रो व कावीळ यांच्या साथी अनेक गावांत पसरतात, त्यांमागे शुद्धीकरण केंद्रातील कसूर असेलच असे नाही. केंद्रात शुद्ध केलेले पाणी वाटेत बिघडलेले असू शकते. नलिकेत सतत दाब असला तर बाहेरचे पाणी आत येण्यास वाव राहत नाही.

मलकापूरने काय केले

चोवीस तास दाब ठेवायचा तर आधी नलिका बिनगळतीच्या हव्यात. मलकापुरात त्यासाठी पॉलिएथिलीनच्या नळ्या वापरण्यात आल्या. या नळ्या गंजत नाहीत, आणि त्यांचे सांधे उष्णतेने एकजीव करता येतात. जुन्या लोखंडी घरजोडण्या हे गळतीचे मोठे आगर असते, ही गोष्ट लोकांच्या लक्षात सहसा येत नाही; रस्ता खणून मोठी नलिका बदलली जाते आणि तिच्यापासून घरापर्यंतची दहा फुटांची जुनी नळी तशीच राहते. जाळ्याची आखणी संगणकाच्या साहाय्याने करण्यात आली, जेणेकरून चढावरच्या व उतारावरच्या घरांतील दाबात फार तफावत पडू नये. एकमजली घरासाठी नळाशी सात मीटर व दुमजलीसाठी बारा मीटर उंचीचा दाब पुरेसा मानतात.

दुसरे काम मीटरचे. प्रत्येक जोडणीस मीटर बसविण्यात आला, तोही रेडिओलहरींनी नोंद पाठविणारा. वाचकास घरात शिरावे लागत नाही. हातातील यंत्र घेऊन रस्त्यावरून जाताना नोंद मिळते. घराला कुलूप असल्याने अंदाजी आकारणी करणे, वाचक व ग्राहक यांनी आपसांत आकडा ठरविणे, या जुन्या तक्रारींना त्यामुळे जागा राहिली नाही. ठराविक वेळेच्या पुरवठ्यात मीटर नीट चालतही नाहीत. पाण्याआधी नलिकेतील हवा बाहेर पडते आणि तीच मीटरचे चक्र फिरवते. हवेचे पैसे का भरावेत, हा नागरिकांचा प्रश्न तेथे चुकीचा नसतो.

तिसरे काम दराचे, आणि बहुधा तेच सर्वांत अवघड होते. सपाट वार्षिक पाणीपट्टीत बागेला नळी लावणारा व चार कळश्या भरणारा सारखाच भार उचलतात. मलकापुरात टप्प्याटप्प्याने चढत जाणारा दर ठेवण्यात आला. मूलभूत गरजेपुरत्या पाण्यास कमी दर आणि त्यापुढे वापर वाढेल तसा दर अधिक. काटकसर करणाऱ्या कुटुंबाचे देयक हलके राहते. मीटरला गावोगाव विरोध होतो तो या भीतीने की, आता पाणी महाग होणार. मोठ्या वापराच्या ग्राहकापुरती ती भीती खरीही आहे. म्हणून दर जाहीर करण्यापूर्वी कोणत्या कुटुंबाला महिन्याकाठी किती रुपये पडतील हे घरोघर समजावून सांगणे, हे अभियांत्रिकी कामाइतकेच महत्त्वाचे ठरते.

नळ केव्हाही उघडला तरी पाणी येते, याची एकदा खात्री पटली की साठवण आपोआप कमी होते. पिंपे रिकामी होतात, शिळे पाणी ओतणे बंद होते, तुटक्या तोट्या बदलल्या जातात, कारण थेंब थेंब गळणारा नळही दिवसाकाठी वीस लिटरांच्या आसपास पाणी घालवतो आणि ते आता मीटरवर दिसते. पाण्याचा एकूण वापर उतरला, तसा उपशाला लागणाऱ्या विजेचा खर्चही उतरला.

मर्यादा

हा कित्ता सर्वत्र जसाच्या तसा गिरवता येणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. मलकापूरच्या दाराशी कोयना आहे. मनमाडसारख्या शहराने कित्येक वर्षे पंधरा-वीस दिवसांआड पाणी अनुभवले. मूळ स्रोतच अपुरा असेल तर मीटर व उत्तम नळ्या पाणी निर्माण करू शकत नाहीत. जेथे पाणी आहे पण वाटेत हरवते, त्या शहरांना मात्र मलकापूरकडून शिकता येईल, आणि अशी शहरे थोडी नाहीत. मीटरही कायमचे टिकत नाहीत. त्यांची विद्युतघटके संपतात, चक्रे मंदावतात आणि वेळेवर बदलली नाहीत तर हिशेब पुन्हा अंदाजावर येतो. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ अन्वये पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. नवी योजना उभारण्यास अनुदान मिळते. ती चालविण्याचा, दुरुस्तीचा आणि मीटर बदलण्याचा खर्च बव्हंशी पाणीपट्टीतूनच भागवावा लागतो. अनेक चांगल्या योजना उद्घाटनानंतर दहा वर्षांत मोडकळीस आल्या त्या या जागी.

सतत पुरवठ्याचा आणखी एक लाभ सहसा बोलला जात नाही. मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान गाव झोपलेले असते व पाण्याचा वापर जवळजवळ थांबतो. त्या वेळी टाकीच्या मुखाशी असलेल्या मोठ्या मीटरवर जो प्रवाह दिसतो, त्यातून छतावरच्या टाक्यांत भरणारे थोडेबहुत पाणी वजा केले की उरते ती गळती. एकेक विभागाचा व्हॉल्व्ह काही मिनिटे बंद करून पाहिले की कोणत्या विभागात प्रवाह घटला ते कळते आणि सकाळी त्याच रस्त्यावर खोदाई करता येते. ठराविक वेळेच्या पुरवठ्यात ही तपासणी शक्यच नसते, कारण रात्री नलिका कोरड्या असतात.