दंतरोपणास पात्र कोण ?

संस्कृतांत दांताला ‘द्विज’ असें एक नांव आहे. पक्षी एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हां अंडें फोडून जन्मास येतो. ब्राह्मणाचा दुसरा जन्म उपनयनानें होतो. आणि दांत दुधाचे पडून पुन्हां उगवतात, म्हणून हे तिघेहि द्विज. परंतु दुसऱ्या खेपेचे दांत गेले म्हणजे निसर्गाची पेढी कायमची बंद होते. पुढचा तिसरा जन्म मनुष्याच्या कारागिरीचा. त्यास दंतरोपण, किंवा रूढ शब्दांत ‘इम्प्लांट’, म्हणतात. आमच्या वसई-विरारकडेहि दंतवैद्यांच्या पाट्यांवर हा शब्द आतां सर्रास वाचावयास मिळतो. परंतु हें कोणास करावें व कोणास करूं नये, हा प्रश्न पाटीवर मावत नाहीं. आमच्या घरांत तो निघाला तेव्हां आमचीच फजिती झाली. ती सांगण्यापूर्वीं मूळ विद्या कोणती, तें थोडक्यांत पाहूं.

स्वीडन देशांतील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडांत टायटेनियम धातूची लहानशी डबी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर ती डबी काढूं गेले, तों ती हाडाशीं एकजीव झालेली ! याच गुणाचा उपयोग करून १९६५ मध्यें त्यांनीं जबड्यांत जन्मतः व्यंग असलेल्या एका गृहस्थास टायटेनियमचे खुंट बसविले. ते गृहस्थ २००६ मध्यें वारले. तोंपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, त्या खुंटांनीं काम दिलें. आजची रीत मूळ तीच. हाडांत खुंट रोवावयाचा, हाडानें तो घट्ट धरीपर्यंत बहुधा तीन ते सहा महिने थांबावयाचें, आणि मग त्यावर दांत चढवावयाचा. तेव्हां पात्रतेचा सगळा प्रश्न दोनच गोष्टींवर येऊन ठेपतो : हाड खुंटाला धरील काय, आणि हिरडी त्याला राखील काय ?

आतां आमची कथा. आमच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा कित्येक वर्षांपूर्वीं गेल्या. सौभाग्यवतींच्याहि वरच्या तीन गेलेल्या. मुलांनीं हौसेनें ठरविलें कीं, यंदा दोघांचेहि पक्के दांत बसवावयाचे. आम्ही उभयतां दवाखान्यांत गेलों. तेथें एक छापील तक्ता भरावयास दिला. ‘इतर कोणतीं औषधें चालू आहेत ?’ या रकान्यांत आम्हीं दोघांच्याहि नांवापुढें सुवाच्य अक्षरांत ‘नाहीं’ असें लिहिलें. आमची मधुमेहाची गोळी आम्हांस औषध वाटेनाशी झाली होती. आणि दांतांच्या डॉक्टरांना पाठीच्या हाडांशीं काय कर्तव्य, असा आमचा पंडिती तर्क.

रात्रीं पानावर बसलों असतां सूनबाईंनीं सहज विचारलें, “बाबा, आईंच्या हाडांसाठीं वर्षांतून एकदां सलाईनमधून औषध देतात, तें सांगितलंत ना ? आणि सांधेदुखीच्या स्टेरॉइडच्या गोळ्या ?” आम्ही निरुत्तर झालों. तीस वर्षें शाळेंत मुलांकडून ‘वरील माहिती खरी आहे’ अशा सह्या घेतल्या, आणि स्वतःच खोटी माहिती लिहून आलों ! दुसऱ्या दिवशीं औषधांचा सगळा डबा व जुने कागद घेऊन पुन्हां गेलों. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं जुना तक्ता फाडला व नवा पुढें केला.

त्या बैठकींत जें कळलें, तें वाचकांस क्रमानें सांगतों.

वय हें अपात्रतेचें कारण नव्हे. ऐंशीच्या माणसालाहि, प्रकृति व हाड चांगलें असल्यास, खुंट बसवितां येतो. अडचण आहे ती कोवळ्या वयाची. जबड्याची वाढ चालू असतां खुंट बसविला, तर शेजारचे दांत सरकतात व तो मागें राहतो. म्हणून वाढ पुरी होईतों, म्हणजे साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत, थांबावें.

दुसरी गोष्ट हाडाची. दांत काढल्यावर ती जागा झिजूं लागते. पहिल्या वर्षांतच हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटूं शकते. खालच्या जबड्यांतून संवेदनेची नस जाते. खुंट व नस यांमध्यें सुमारें दोन मिलिमीटर तरी अंतर राखतात, एरव्हीं ओठ कायमचा बधिर होण्याची भीति. वरच्या दाढांच्या माथ्यावर वरच्या जबड्याच्या हाडांतील पोकळी असते. हें सारें मापण्यासाठीं सी.बी.सी.टी. नांवाची त्रिमिति-तपासणी करतात. हाड अपुरें असल्यास कलम करून भर घालतां येते. मात्र कांहीं महिने व खर्च वाढतो.

तिसरी गोष्ट हिरड्यांची. ज्यांचे दांत हिरड्यांच्या रोगानें हालून पडले, त्यांनीं आधीं तो रोग बरा करावा. खुंटाला कीड लागत नाहीं हें खरें, पण त्याच्या भोंवतालचें हाड त्याच रोगानें झिजूं शकतें.

चौथी गोष्ट मधुमेहाची. मधुमेह असणें ही आडकाठी नव्हे. तो मोकाट असणें ही होय. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी सातच्या आसपास असावी. आठाच्या वर गेल्यास पुष्कळ डॉक्टर थांबावयास सांगतात. आमचा आंकडा निघाला ९.१ !

पांचवी गोष्ट तंबाखूची. धूम्रपान करणाऱ्यांचे खुंट निकामी होण्याचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट मानतात. मिश्री, सुपारी व गुटखा यांचें दुखणें आणखी निराळें. महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी व्यसन राहिलेंच. सुपारीनें तोंडाची कातडी ताठ होऊन जबडा उघडेनासा होतो. आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जात नसतील, तर खुंटाची गोष्ट दूर. आधीं त्या विकाराची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांतून कर्करोगहि उद्भवूं शकतो.

सहावी गोष्ट औषधांची व जुन्या आजारांची. हाडें ठिसूळ होणें ही स्वतः आडकाठी नाहीं. परंतु त्यावरील कांहीं औषधांनीं जबड्याचें हाड शस्त्रक्रियेनंतर भरून न येतां मृत होण्याचा संभव असतो. ठिसूळपणासाठीं घेतलेल्या औषधांत हा धोका थोडा. कर्करोग हाडांत उतरल्यामुळें वरचेवर दिलेल्या इंजेक्शनांत पुष्कळच अधिक. जबड्यावर किरणोपचार झालेले असोत, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असो, तें सर्व सांगावें. मात्र कोणतेंहि औषध आपल्या मतानें बंद करूं नये. दाढेच्या लोभानें गोळी सोडून पक्षाघात किंवा मोडलेली मांडी पदरीं घेणें यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाहीं.

आमच्या घरीं निकाल काय लागला ? दंतवैद्यांनीं हाडांच्या डॉक्टरांस पत्र लिहिलें. वार्षिक औषध आणि स्टेरॉइड हीं दोन्हीं एकत्र, म्हणून दोघांच्याहि मतें सौभाग्यवतींनीं शस्त्रक्रिया टाळावी असें ठरलें. त्यांस काढघालीची कवळी दिली. त्या चार दिवस कोणाशीं फारसें बोलल्या नाहींत. “माझं वय तुमच्याहून चार वर्षांनीं कमी, आणि नापास मात्र मी !” एवढेंच एकदां म्हणाल्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हांसहि लगेच पास केलें नव्हतेंच. चार महिने गोड वर्ज्य, रोज पहाटे किल्ल्याच्या बाजूस फेरी, असें व्रत केल्यावर आंकडा ७.२ वर आला, तेव्हां कोठें खुंट रोविले गेले.

एक सूचना. पहिल्याच भेटींत, कागद न पाहतां, ‘आजच बसवूं’ असें कोणी म्हणाल्यास दुसरें मत घ्यावें. खर्चाची चिंता असणाऱ्यांस येथून लोकलनें जाऊन मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयांत तपासून घेतां येतें. ही महानगरपालिकेची संस्था १९३३ पासून चालू आहे. आणि पुष्कळ प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचा कंटाळा करूं नये.

परवां घरांत चकल्या झाल्या. आमच्या नव्या दाढेचा कुरकुर आवाज ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमचे खुंट हाडांत रुतले, माझी कवळी रात्रीं वाटींत झोंपते, पण चकली दोघांचीहि मोडते, हें काय थोडें आहे!” त्यानंतर त्यांनीं औषधांच्या डब्याच्या झांकणावर घरांतील प्रत्येकाच्या औषधांची यादी स्वतःच्या हातानें लिहून चिकटविली आहे. त्या यादींत आमच्या गोळीचें नांव पहिलें आहे.