लेकराची भूक आणि लोकांची नजर

करोनाच्या साथीमुळे सलग दोन वर्षे नागपूरला पारखे झालेले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन १९ डिसेंबर २०२२ रोजी सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात पुन्हा भरले, त्या पहिल्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे अंगावर पिणारे बाळ कुशीत घेऊन तेथे दाखल झाल्या. आपण आता आई झालो असलो तरी मतदारांच्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी येणे भागच होते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. १९५३ च्या ज्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन या शहरी भरविण्याची वहिवाट घालून दिली, त्यात सरकारी नोकऱ्यांचा, शिक्षणाचा आणि निधीच्या वाट्याचा तपशीलवार विचार झाला होता. सभागृहाच्या सदस्येला दोन-अडीच तासांनी लेकराला पाजावयास घ्यावे लागेल, हा विचार त्या काळच्या कोणत्याही कागदात सापडणे शक्य नव्हते. अहिरे यांच्या आगमनानंतर मात्र विधानभवनात लगोलग ‘हिरकणी कक्षा’ची तजवीज झाली, आणि एका तान्ह्या मुलाने कोणताही ठराव न मांडता राज्याच्या सर्वोच्च सभेकडून एक खोली मिळविली. पुढे दोनच महिन्यांनी, मुंबईच्या अधिवेशनात, तेथल्या हिरकणी कक्षातील धुळीबद्दल याच आमदारांना जाहीर तक्रार करावी लागली, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे. खोली देणे आणि ती राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हिरकणीचे नाव या खोल्यांना देण्यात ज्याने कोणी पुढाकार घेतला, त्याला आपल्या लोकस्मृतीची उत्तम जाण असली पाहिजे. रायगडावर दूध घालावयास गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी भुकेले तान्हे, आणि ज्या कड्यावरून उतरण्याची शत्रूच्या फौजेची छाती झाली नसती त्या कड्यावरून अंधारात खाली उतरलेली ती माता: ही आख्यायिका महाराष्ट्रात ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळा. तिच्या धैर्याची कदर करून शिवाजी महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला, असे लोक सांगत आले आहेत. परंतु या कथेचे मर्म असे आहे की, मुलाच्या भुकेपुढे तिने बंद दरवाजा मानला नाही. तिच्या नावाने आज आपण ज्या खोल्या बांधतो त्या आईला निवारा मिळावा म्हणून बांधतो की आपल्या डोळ्यांआड तिने जावे म्हणून, हा प्रश्न त्यामुळेच मला महत्त्वाचा वाटतो.

गेल्या वैशाखात, नागपूरपासून फार दूर नसलेल्या एका तालुक्याच्या बसस्थानकावर, मला या प्रश्नाचे उत्तर समोरासमोर पाहावयास मिळाले. भिंतीवर गुलाबी रंगात हिरकणी कक्षाची पाटी होती आणि दाराला कुलूप होते; किल्ली ज्याच्याकडे होती तो इसम जेवावयास गेला होता. बाकावर एक विशी-बाविशीची मुलगी रडणारे मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती, आणि तिची सासू त्या कुलपाकडे दोनदा जाऊन परत आली होती. शेवटी म्हातारीने नऊवारीचा पदर सोडला, तो सुनेच्या खांद्यावरून आडवा धरला आणि मजकडे वळून म्हणाली, “काकाजी, जरा तिकडे तोंड करा बापा. पोरगं रडून राह्यलं, अन् आपण का कुलपाची वाट पाहावं?” मी तोंड फिरविले. पाठीमागे मुलाचे रडणे हुंदक्यांवर आले, मग अधाशी घोटांचा आवाज, मग काहीच नाही. पलीकडच्या बाकावरील दोन तरुणांनी मात्र मान वळविली ती आमच्याकडे, आणि त्यांपैकी एकाच्या हातात भ्रमणध्वनी होता. म्हातारीने त्यांच्याकडे नुसते पाहिले, आणि तेवढ्यानेच तो खिशात गेला.

त्या पदराबद्दल थोडे थांबून विचार करावयास हवा, कारण आपण तो समजून घेण्यात चूक करतो. आपल्या आजीच्या पिढीत मूल अंगावर घेताना जो पदर ओढला जाई, तो अब्रू झाकण्यासाठी असे ही समजूत अपुरी आहे. दुधाला दृष्ट लागते, पाहणाऱ्याच्या हावरेपणाने पान्हा आटतो, ही त्यामागची धारणा होती. म्हणजे दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यात होता, पाजणाऱ्या स्त्रीच्या अंगात नव्हता. दृष्ट लागण्यावर माझा विश्वास नाही, पण त्या धारणेतील नीतिविचार आजच्या आपल्या विचाराहून सरळ होता असे मला प्रामाणिकपणे वाटते. कपाशीच्या वेचणीला किंवा धानाच्या रोवणीला जाणाऱ्या विदर्भातील बायांनी बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधून, धुऱ्यावर बसून, चार माणसांत मुले पाजली आणि त्याची वार्ता झाली नाही. ज्या भाषेत ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात आणि विठोबालासुद्धा विठाई करतात, ज्या भाषेत दयेला पान्हा फुटतो, त्या भाषेला आईच्या स्तनाचा उच्चार कधी अमंगल वाटला नव्हता. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मुलांची रक्षणकर्ती हारीती उघड्या वक्षाने बसलेली आहे, आणि तिच्या आसनाखाली मुले खेळत आहेत. तिच्यापुढे लोकांनी मस्तक नमविले.

शहरांत हे बदलले. कोलकात्यातील एका मोठ्या मॉलमध्ये २०१८ साली एका मातेला मूल पाजण्यासाठी शौचालयात जावयास सांगण्यात आले, ही बातमी देशभर गाजली. ज्या ठिकाणी आपण स्वतः घासभर अन्न खाणार नाही, तेथे अर्भकाने जेवावे अशी ती अपेक्षा होती. अशी वागणूक एकदा मिळाली, किंवा मिळेल अशी धास्ती बसली, की स्त्री काय करते? बाहेर पडताना पिशवीत बाटली आणि डब्याच्या दुधाची भुकटी टाकते, कारण बाटलीकडे कोणी टक लावून पाहत नाही. मुलाने अंगावर पिणे कमी केले की दूध कमी होते, आणि प्रवासातील पाण्यात कालवलेली भुकटी त्याच्या पोटाला बाधते. जन्मानंतर तासाभरात मूल अंगावर घ्यावे, सहा महिने दुसरे काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये आणि दोन वर्षांपर्यंत इतर आहाराबरोबर स्तनपान चालू ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांच्या आतील ६३.७ टक्के बालकेच केवळ आईच्या दुधावर होती. सरकारने १९९२ साली कायदा करून अर्भकांच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातीस मनाई केली आहे. जी जाहिरात कायद्याने बंद केली ती आपण आपल्या रोखलेल्या नजरेने चालू ठेवतो.

खोल्या हव्यातच. बाळंतपणातून नुकत्या उठलेल्या, टाके न भरलेल्या स्त्रीला पाठ टेकावयास जागा, पंखा आणि प्यावयास पाणी मिळणे ही मेहरबानी नाही, तो तिचा हक्क आहे. परंतु नागपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत चार तास बसलेल्या आईला भिंती कोठून आणून देणार? तान्हे मूल दिवसातून आठ ते बारा वेळा पिते आणि वेळापत्रक पाहून रडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि मूळचे निपाणीचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक जागी स्तनपानाच्या व बालसंगोपनाच्या खोल्यांची सोय करण्याविषयी राज्यांना सांगितले, तेव्हा त्याबरोबरच स्त्रियांच्या प्रतिष्ठेस बाधक प्रथांचा त्याग करण्याचे जे मूलभूत कर्तव्य घटनेच्या ५१-अ कलमात नागरिकांवर घातलेले आहे त्याचेही स्मरण दिले आणि सार्वजनिक जागी मूल पाजणे हे कलंकास्पद मानले जाऊ नये असे बजावले. निवाड्याचा हा दुसरा भाग वृत्तपत्रांत लहान अक्षरांत आला. मला तोच मोठा वाटतो.

आता त्या दुसऱ्या चव्हाट्याकडे वळू, ज्याला भिंती नाहीत आणि ज्याचे नियम आपल्या कोणत्याही विधिमंडळाने केलेले नाहीत. फेसबुकने मूल पाजणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे नग्नतेच्या सदराखाली काढून टाकण्याचा सपाटा लावला, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये हजारो मातांनी आपली तशीच छायाचित्रे लावून आणि काहींनी कॅलिफोर्नियातील कंपनीच्या कचेरीसमोर बसून निषेध केला. कंपनीची कसोटी एका मोजमापाची होती: स्तनाग्र आणि त्याभोवतीचा गडद भाग दिसतो की नाही. २०१४ साली पाजणाऱ्या मातेपुरती ही मनाई उठली, आणि २०१५ साली इन्स्टाग्रामनेही तशी मुभा नियमांत स्पष्ट लिहिली. पण नियम लिहिणारे माणूस असले तरी तो अमलात आणण्याचे काम पुष्कळ अंशी यंत्राकडे आहे. लक्षावधी चित्रांवरून शिकविलेले हे यंत्र त्वचेचा रंग व आकार ओळखते, संशयाचा एक आकडा काढते आणि आकडा मर्यादेपलीकडे गेला की चित्र उतरविते. आईचे डोळे मुलाच्या तोंडावर आहेत, हे त्याला कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधील एका व्यक्तीने स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे समजावी म्हणून इन्स्टाग्रामवर टाकलेली छायाचित्रे या यंत्राने अशीच उतरविली, आणि कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ती कृती चुकीची ठरविली.

सामान्य वाचकाला हे दूरचे वाटेल म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो. पहिलटकरणीला मूल नीट पाजता येत नाही, स्तनाग्राला चिरा पडतात, मूल उपाशी राहते, याचे सर्वांत साधे कारण म्हणजे मूल केवळ टोक ओढते. त्याने भोवतीचा गडद भागही तोंडात घेतला तरच दूध नीट येते. परिचारिका आणि डॉक्टर प्रसूतिगृहात हे हाताने धरून दाखवितात, कापडी नमुन्यावर शिकवितात. पण घरी गेलेल्या, पूर्वीसारखी आजी-मावशी जवळ नसलेल्या मुलीला हे मराठीतून चित्रफितीत दाखवावयाचे म्हटले, तर जो भाग दाखविल्याशिवाय शिकविणे अशक्य, नेमक्या त्याच भागावर यंत्राची नजर ठेवलेली आहे. नियमाने दिलेली मुभा यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत चित्रफीत उतरलेली असते.

नग्नता आणि अश्लीलता यांतील भेद महाराष्ट्राला कोणी शिकवावा लागू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. नग्न देह हा स्वतः अश्लील नसतो हे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी खटले सोसले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. न्यायालयांत त्या काळी आणि पुढेही दीर्घकाळ चालत आलेली कसोटी इंग्लंडातील १८६८ च्या एका खटल्यातून आलेली होती: ज्यांची मने बिघडण्याजोगी आहेत अशांच्या हाती पडल्यास त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे की नाही. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात १९६४ साली ती उचलून धरली आणि २०१४ साली टाकून देऊन समकालीन समाजाच्या सर्वसाधारण दृष्टीची कसोटी स्वीकारली. या दुसऱ्या कसोटीचा उजेड २०१८ च्या मार्चमध्ये केरळात पडला. ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळी नियतकालिकाने मुखपृष्ठावर मूल छातीशी धरलेल्या स्त्रीचे चित्र छापून ‘टक लावून पाहू नका’ अशी विनंती केली होती. त्याविरुद्धची याचिका केरळ उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि राजा रविवर्म्याची चित्रे आपण ज्या डोळ्यांनी पाहतो त्याच डोळ्यांनी हे चित्र पाहिले असता त्यात अश्लील काही आढळत नाही, असे मत दिले. ज्या रविवर्म्याच्या छापखान्यातून, मुंबईहून आणि पुढे मळवलीहून, निघालेली चित्रे आमच्या घरोघरी देव्हाऱ्याशेजारी टांगली गेली, त्याचाच दाखला तेथे दिला जावा याचे मला फार समाधान वाटले.

या सर्व प्रकरणात बंधन कोठे असावे, याविषयी माझे मत निश्चित आहे. स्त्रीने स्वतः दिलेल्या चित्राला बंधन नको. तिच्या संमतीवाचून घेतलेल्या चित्राला ते असावे आणि कडक असावे. तशी तरतूद आपल्याकडे आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक आहे: २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, आपल्या शरीराचा खाजगी भाग उघडा दाखविणारा मजकूर असल्याची तक्रार संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने केली, तर त्या समाजमाध्यमाने तो नियमांनी ठरविलेल्या मुदतीच्या आत हटविला पाहिजे. त्या बसस्थानकावरील तरुणाचा भ्रमणध्वनी खिशात गेला नसता, तर त्या सुनेला याच नियमाचा आधार होता. आणि तिच्या सासूला तो ठाऊक नसताही तिने त्याचे काम केले.

येत्या प्रवासात शेजारच्या बाकावर एखादी माय लेकराला अंगावर घेऊ लागली, तर वाचकहो, तिला खिडकीजवळची जागा द्या, हातातील भ्रमणध्वनी आत ठेवा आणि बाहेरची शेते पाहा. आणि बसस्थानकावर उतरल्यावर हिरकणी कक्षाला कुलूप दिसले, तर तेथील तक्रार-वहीत तारीख व वेळ घालून तशी नोंद अवश्य करा.